माईक कोणी पाडला?

आवाजांच्या बाबतीत मराठी भाषा मोठी श्रीमंत आहे. डब्याच्या तळाशी चार शेंगदाणे उरले की खुळखुळ होते. वाऱ्याने खिडकीची काच हलली की खडखड होते. रेडिओचे स्टेशन नीट लागले नाही की खरखर, आणि जुना पंखा फिरू लागला की घरघर. आपल्या आया-आज्यांना हा फरक कोणी शिकवला नव्हता. माजघरात बसून नुसत्या आवाजावरून त्या सांगत, "झाकण नीट बसलं नाही बघ," किंवा "रहाटाला तेल घाला रे." पण चर्चमधला माईक बिघडला की आपली ही सगळी श्रीमंती कुठे जाते कोण जाणे! "माईक खराब झालाय," एवढेच आपण म्हणतो. आणि त्याच्या पाठोपाठ लगेच विचारतो, "कोणी पाडला?"

वाचकहो, मला लिहायचे आहे ते या दुसऱ्या वाक्याविषयी. बिघडले काय, हा एक प्रश्न. बिघडवले कोणी, हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ते कोणत्या क्रमाने विचारायचे, आणि दुसरा आधी विचारला तर पहिल्याचे काय होते, हा मला नीतीचा प्रश्न वाटतो. माईकच्या निमित्ताने तो विचारला म्हणून लहान होत नाही.

आधी माईकची थोडी ओळख करून घेऊ. आइस्क्रीमच्या कोनासारखा, गोल जाळीच्या डोक्याचा जो माईक आपण जिकडेतिकडे पाहतो, त्याचा मूळ नमुना म्हणजे शुअर या अमेरिकन कंपनीचा एसएम५८. तो १९६६ साली बाजारात आला आणि आजही जवळजवळ त्याच रूपात तयार होतो. (त्याच्या नकलाही बाजारात भरपूर आहेत. दुरुस्तीला आलेला माईक अस्सल आहे की नकली, हे पाहण्यातच कारागिराची पहिली पाच मिनिटे जातात.) त्याच्या पोटातली कॅप्सूल अर्नेस्ट सीलर या अभियंत्याने १९५९ साली तयार केलेल्या रचनेवर आधारलेली आहे. कॅप्सूलमध्ये कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा असतो. पडद्याला बारीक तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते लोहचुंबकाच्या फटीत अधांतरी राहते. आपण बोललो की पडदा थरथरतो, त्याबरोबर वेटोळे हलते आणि तारेत वीज उत्पन्न होते. चुंबकाजवळ तार हलली की वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले होते. त्याच तत्त्वावर हा माईक चालतो. ही वीज किती? एका व्होल्टचे हजार भाग केले तर त्यातले एक-दोन. एवढ्या नाजूक वस्तूला आपण मुठीत आवळतो, टेबलावर आपटतो आणि टिचक्या मारून "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" करतो. तरीही ती वर्षानुवर्षे टिकते, हे बनवणाऱ्यांचे कसब.

आता असा माईक वाजू लागला तर चांगला कारागीर काय करतो? तो पेचकस उचलत नाही. आधी ऐकतो. केबल काढून माईक कानाशी धरतो आणि हलकेच हलवतो. आवाज तिथेच आला, तर आत काहीतरी सैल झाले आहे. कानाशी सगळे शांत आणि स्पीकरमध्ये मात्र आवाज, तर मामला विजेचा आहे, नाहीतर माईकच्या बाहेरचा. एवढ्या एका कृतीने निम्म्या शंका बाद होतात. खुळखुळ वेगळी आणि खरखर वेगळी, हे आजीचेच ज्ञान इथे कामाला येते.

खुळखुळ असेल तर जागा ठरलेल्या आहेत. डोक्यावरच्या जाळीची कडी सैल झालेली असते, किंवा चालू-बंद करण्याचे बटण. शेपटीकडे तीन पिनांचा जोड असतो, तो एका बारीक स्क्रूवर धरलेला असतो. गंमत म्हणजे पुष्कळ माईकांत हा स्क्रू उलट्या रीतीचा असतो. सोडवायचा तर आत वळवायचा, घट्ट करायचा तर बाहेर. ज्याला हे ठाऊक नाही तो घट्ट करायला जातो आणि जोडच मोकळा करून बसतो. मग मुठीच्या पोकळीत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, गरम गोंद ओतून बसवलेला. गोंदाची पकड सुटली की तो आतल्या आत वाजतो, अगदी बाळाच्या खुळखुळ्यासारखा. तो पुन्हा चिकटवता येतो. मात्र हलून हलून त्याच्या वायरींचे डाग सुटलेले नाहीत ना, हे आधी पाहावे लागते.

राहिली ती कॅप्सूल. माईक जोराने हलवला तर जाळीखाली काहीतरी किंचित डुलल्यासारखे वाटते. नवशिक्याला वाटते, सापडला दोष! तो थेंबभर फेव्हिक्विक टाकतो आणि कॅप्सूल पक्की करून टाकतो. आवाज थांबतो, माईक ठणठणीत झाल्यासारखा वाटतो. मग गाणारी मुलगी तो हातात घेते आणि तिच्या बोटांची प्रत्येक हालचाल स्पीकरमधून ढब-ढब ऐकू येऊ लागते. कारण ती कॅप्सूल मुद्दामच सैल ठेवलेली होती. हाताचे धक्के पडद्यापर्यंत पोहोचू नयेत म्हणून ती रबर आणि हवेच्या उशीवर बसवलेली असते. तिने थोडे डुलावे, हेच तिचे काम. वयाने रबर कडक झाले की डुलणे थांबते, आणि खरा बिघाड तो. म्हणजे जे हलते ते सगळे मोडलेले नसते आणि जे स्थिर आहे ते सगळे धड नसते. वस्तू कशासाठी केली आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तिच्यातला दोष ओळखता येत नाही. माणसांबद्दल बोलतानाही आपण हे किती वेळा विसरतो! एखाद्या घरात सगळे बोलून दाखवतात, थोडी खडखड चालते, आणि शेजारी म्हणतात, "त्यांच्या घरात काही ठीक नाही." त्या घराचे रबर अजून मऊ असते इतकेच.

कानाशी शांतता आणि स्पीकरमध्ये खरखर, तर शोध जरा लांबतो. केबल हळूहळू वाकवून पाहायची, विशेषतः दोन्ही टोकांशी. कोपराभोवती दोरखंडासारखी गुंडाळलेली केबल आतून तुटते आणि वरून धडधाकट दिसते. दुसरी केबल लावायची. मग तीच केबल मिक्सरच्या दुसऱ्या चॅनलला लावायची. मग दुसरा माईक. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. घाईघाईत तिन्ही बदलल्या आणि आवाज थांबला, तर गुन्हेगार कोण ते कधीच कळत नाही, आणि निर्दोष केबल कचऱ्यात जाते.

ठरावीक सुरालाच थर्रर होत असेल तर प्रकरण आणखी नाजूक. कधी लोखंडाचा बारीक कीस चुंबकाच्या ओढीने आत शिरतो आणि पडद्याशी घासतो. पण कधी माईकमध्ये काहीच नसते. त्या सुराला समोरच्या खिडकीची सैल काच थरथरत असते किंवा दिव्याची पत्र्याची टोपी. माईक बिचारा ती थरथर इमानाने ऐकतो आणि सगळ्यांना ऐकवतो. आपण काचेला सोडून देतो आणि माईकला शिव्या घालतो. जे खरोखर वाजत आहे ते ऐकवणाऱ्यालाच दोषी ठरवायचे, ही आपली जुनी खोड.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू.

काही वर्षांपूर्वी किनारपट्टीवरच्या एका गावात सणाच्या तयारीत गायकवृंदाचा माईक खुळखुळू लागला. कमिटीचे चार जण जमले आणि पहिलाच प्रश्न निघाला, "कोणी पाडला?" माईक-केबल आवरून ठेवण्याचे काम चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा करीत असे. मी नाही पाडला, असे तो म्हणाला. जाळीला एका बाजूने पोचा होता. पोचा म्हणजे पुरावाच! मुलाला आणखी दोनदा विचारले, तिसऱ्यांदा त्याच्या वडिलांना विचारले. रागाने कोणी बोलले नाही, हे मला नमूद केले पाहिजे. "राहू दे, तू लहान आहेस," असे म्हणून त्याच्याकडची कपाटाची किल्ली काढून घेतली. माईक दुरुस्तीला गेला तो सण उलटल्यावर. कारागिराने उघडला तर ट्रान्सफॉर्मरचा गोंद सुटलेला. कमिटीच्या गृहस्थांनी विचारले, "पडल्यामुळेच ना?" कारागीर म्हणाला, "पडूनही सुटतो, न पडताही सुटतो. माईक जुना आहे. आणि हा पोचा तर कधीचा, आत गंज धरलाय." मग पुढे म्हणाला, "कसा सुटला ते तो सांगत नाही. सुटलाय एवढंच सांगतो."

एका संध्याकाळचे काम होते, गोंद लावून झाले. पण त्या मुलाला किल्ली परत द्यायची कोणाला आठवण झाली नाही. त्याने पाडला असे सिद्ध झाले नव्हते, पाडला नाही असेही सिद्ध झाले नव्हते, आणि या दोहोंच्या मधल्या जागेत आपण माणसाला किती सहज सोडून देतो! वस्तूचा दोष निश्चित झाला की दुरुस्ती होते. माणसावरचा संशय निश्चित कधीच होत नाही, म्हणून त्याची दुरुस्तीही होत नाही.

कोणी म्हणेल, मुलाच्या भावनांचा प्रश्न आहे, त्यात तंत्राचा काय संबंध? संबंध आहे. दुरुस्ती करणारे लोक वस्तू हातात घेतल्यावर डॉक्टरप्रमाणेच आधी इतिहास विचारतात. पडला होता का? पावसात भिजला होता का? कोणी आधी उघडला होता का? या तीन प्रश्नांची खरी उत्तरे मिळाली तर अर्धे काम झाले. आणि या तिन्ही प्रश्नांना बहुतेक वेळा एकच उत्तर येते, "नाही हो, तसं काही नाही झालं." लोक खोटारडे असतात असे नाही. ज्या ठिकाणी "कोणी केले?" हा प्रश्न आधी विचारला जातो, तिथे "काय झाले?" याचे उत्तर माणसे गिळून टाकायला शिकतात. त्या गावात पुढच्या वेळी एखाद्याच्या हातून माईक खरोखर पडेल, तेव्हा तो काय करील? पुसून जागेवर ठेवील. आतली वायर अर्धवट तुटलेली असेल आणि नेमक्या प्रवचनाच्या मध्यावर आवाज जाईल.

माईकपुरतीच ही गोष्ट असती तर एवढे लिहिले नसते. विमानवाहतुकीत तिची किंमत माणसांच्या जिवाने मोजली गेली आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनकडे येणारे टीडब्ल्यूए कंपनीचे ५१४ क्रमांकाचे विमान व्हर्जिनियातील एका डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९२ माणसे मरण पावली. उतरण्याची परवानगी मिळाली म्हणजे किती खाली यायचे, याबद्दल वैमानिकांची समजूत वेगळी आणि खालच्या नियंत्रकांची वेगळी होती. चौकशीत जे कळले ते अधिक अस्वस्थ करणारे होते. सुमारे सहा आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचे विमान त्याच समजुतीने त्याच डोंगराजवळ आले होते आणि थोडक्यात वाचले होते. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला ते सांगितले, कंपनीने आपल्या इतर वैमानिकांना सावध केले. पण तिथून पुढे, बाकीच्या कंपन्यांपर्यंत, ती गोष्ट पोहोचवणारी वाटच नव्हती.

त्यानंतर तेथील विमानवाहतूक खात्याने वैमानिकांना सांगितले, चुका आम्हाला कळवा. प्रतिसाद यथातथाच आला, कारण कळवायचे त्याच खात्याला जे परवाना काढून घेऊ शकते! शेवटी १९७६ पासून हे काम 'नासा' या त्रयस्थ संस्थेकडे सोपवले गेले. नासा कोणाला शिक्षा करीत नाही. तिच्याकडे आलेल्या पत्रांतून नाव-गाव काढून टाकले जाते आणि घडले काय ते तेवढे ठेवले जाते. आज ही व्यवस्था पन्नास वर्षांच्या घरात पोहोचली आहे आणि चालू आहे. ऐकणारा एक आणि शिक्षा करणारा दुसरा, एवढी साधी ती युक्ती. ती सुचायला मात्र ९२ प्रेते पाहावी लागली.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. असे केले तर कोणीच जबाबदार राहणार नाही. ज्याच्या हातून माईक पडतो त्याने मजेत फिरावे आणि दुरुस्तीचा खर्च सर्वांनी सोसावा, हा कुठला न्याय? मला वाटते, इथे दोन गोष्टींची गल्लत होते. नासाच्या व्यवस्थेतही जाणूनबुजून केलेल्या कृत्याला आणि गुन्ह्याला संरक्षण नाही. नकळत घडलेल्या चुकीला आहे. हातून वस्तू निसटणे ही नकळत घडलेली गोष्ट आहे. रोज केबल कोपराला गुंडाळणे, दहा वेळा सांगूनही टिचक्या मारणे ही सवय आहे आणि तिच्याबद्दल त्या माणसाशी बोललेच पाहिजे. पण तेही बोलणे कधी? दोष कुठे आहे ते कळल्यावर. त्याआधी बोललो तर केबल तुटलेली नसतानाही केबल गुंडाळणारा दोषी ठरतो. जबाबदारी नाकारायची नाही, तिला तिच्या वेळेला बोलवायचे. आणि एक गोष्ट मी यात धरीत नाही, ती म्हणजे पाडल्यावर लपवणे. ते वाईटच. परंतु लपवणाऱ्याकडे बोट दाखवताना सांगणाऱ्याचे आपण काय केले होते, हेही आठवावे.

कारागिराबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत, कारण सगळ्यांत कठीण प्रसंग त्याच्यावर येतो. समजा, तुम्ही माईक घेऊन गेलात. त्याने ऐकले, केबल बदलून पाहिली, आणि त्याच्या लक्षात आले की माईक उत्तम आहे, तुमच्या हॉलची काच वाजते. हे सांगितले तर त्याला मजुरी कशाची मिळणार? पेचकस लावला नाही, सुटा भाग बदलला नाही. "कॅप्सूल गेली, नवी टाकावी लागेल," असे म्हटले असते तर तुम्ही निमूटपणे पैसे दिले असते आणि वर आभार मानले असते. "यात काही बिघाड नाही" हे वाक्य बोलणाऱ्याला आपल्या व्यवहारात किंमत नाही. ज्याचे पोट दोष सापडण्यावर चालते, त्याने दोष नाही असे सांगणे, याला मी मोठ्या प्रतीचा प्रामाणिकपणा समजतो. असा कारागीर भेटला तर त्याला तपासणीचे पैसे जरूर द्यावेत, आणि पूर्ण द्यावेत. आपण डॉक्टरला "सगळे ठीक आहे" या वाक्याचे देतोच की नाही?

हाच प्रसंग कमिटीवरही येतो, फक्त तिथे मजुरीचा प्रश्न नसतो, अब्रूचा असतो. चार माणसे जमली, चर्चा झाली, आणि शेवटी "कोणी पाडला ते कळत नाही, कदाचित कोणीच नाही," असे म्हणून उठायचे, हे जमलेल्या माणसांना कमीपणाचे वाटते. काहीतरी निर्णय दिसला पाहिजे. मग किल्ली कोणाकडून तरी काढून घेतली जाते.

एक सूचना करतो. ती फुकट आहे, चाळीस पानी वहीचा खर्च सोडला तर. माईकच्या कपाटात दोरीने बांधून एक वही टांगावी. तिच्यात तारीख लिहावी आणि घडले ते लिहावे: पायरीवरून पडला, पावसाचे थेंब लागले, तिसऱ्या गाण्याला थर्रर झाले, दुसरी केबल लावल्यावर थांबले. अक्षर कोणाचे ते कोणी पाहू नये आणि नावाचा रकाना आखू नये. कारागिराकडे जाताना माईकबरोबर ती वहीही द्यावी. आणि तो मुलगा अजून गावात असेल, तर वही विकत आणायला त्यालाच पाठवावे आणि कपाटाची किल्ली सोबत द्यावी. आता तो मोठा झाला असेल.